बोटवाल्यांची प्रतिनिधी

३ फेब्रुवारी, सकाळी
मागच्या भिंतीची फट वाढली. आता तिच्यात चमचा उभा राहतो. तलावात हौशी लोकांच्या मोटारबोटी सुसाट सुटतात, लाट येते, काठाची माती चाटते आणि खचते ती माझी भिंत. ह्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेली. मुलगा फोनवर म्हणाला, आई, आता आमच्याकडेच ये. मागून सूनही म्हणाली. मी सांगितलं, भिंत उभी आहे तोवर मीही उभी आहे. उद्या सरकारी ऑफिसात जाऊन या बोटवाल्यांचा बंदोबस्त करते. एका दिवसाचं काम.

४ फेब्रुवारी
एका दिवसाचं नाही. कारकून म्हणाला, हौशी बोटींवर आमचा कायदा नाही, त्यांची राष्ट्रीय असोसिएशन आहे, तीच त्यांना शिस्त लावते. असोसिएशनमध्ये गेले. तिथला सेक्रेटरी ऑफिसातही काळा चष्मा लावून बसतो. त्याचं नाव मी गॉगल ठेवलं. गॉगल म्हणाला, आजी, आम्ही बोटवाल्यांची बाजू मांडतो, शिस्त लावणं सरकारचं काम. म्हणजे सासू म्हणते सुनेला विचार, सून म्हणते सासूला विचार, आणि पाहुणा दारात उपाशी. मग माझं ऐकणार कोण, म्हटलं. तर म्हणे आम्ही फक्त मेंबरचं ऐकतो, आणि मेंबर व्हायला मोटारबोट लागते.
ठीक आहे.

११ फेब्रुवारी
मोटारबोट घेतली. जुनी आहे, इंजिन खोकतं, पण माझ्याहून तरुण. मुलाने फोनवर किंमत दोनदा विचारली. कौतुकाने असणार.
ठराव: बोट चालवायची नाही. मेंबर होण्यापुरती बांधून ठेवायची.

१९ फेब्रुवारी
चालवली. बसून इंजिन गंजतं, असं मेकॅनिक म्हणाला. पण हळू चालवली.

२ मार्च
हळू चालवली की इंजिन बंद पडतं. यात माझा काय दोष. शेजारच्या मास्तरीणबाई काठावरून ओरडत होत्या, त्यांच्या पायरीवर लाट आली म्हणे. रिटायर झाल्या तरी वर्गावर ओरडायची खोड गेली नाही. मी हात हलवला.

१५ मार्च
असोसिएशनची मीटिंग. भिंतीचं बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या. गॉगल म्हणाला, आजी पोटतिडकीने बोलतात, असं माणूस कमिटीवर हवं. मला कमिटीवर घेतलं. बिल्ला दिला. भिंतीचा विषय पुढच्या मीटिंगला. घाई करून चालत नाही, आधी आत शिरावं लागतं.
वाटेत बिल्ल्याकडे कोणी पाहिलं नाही म्हणून भाजीवालीकडे दोनदा जाऊन आले.

६ एप्रिल
सरकार हललं एकदाचं. नवा नियम येतोय: काठाजवळ बोट हळू चालवायची, नाहीतर जप्त. हे मीच हलवलं. मुलाला कळवलं, माझ्यासाठी ठेवलेली खोली भाड्याने देऊन टाका.

७ एप्रिल
मास्तरीणबाईंनी नियम पुढे वाचून दाखवला. बोट चालवणाऱ्या प्रत्येकाने लेखी परीक्षा द्यायची. पास झालात तर लायसन्स. बाई म्हणाल्या, तिसरीपर्यंत शिकला आहात ना, पुढचं मी बघते, रोज संध्याकाळी बसू, भिंत वाचेल तुमची. गोड बोलत होत्या. तेच झोंबलं.
मी परीक्षेला भीत नाही. तिसरीत परीक्षेच्या दिवशी मी आजारी होते, एवढंच.

९ एप्रिल
हा तत्त्वाचा प्रश्न आहे. पाण्यावर कसं जावं हे कागदाने का ठरवावं. बदकं काय परीक्षा देतात?
बाई पुस्तक घेऊन दारात आल्या होत्या. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. तेव्हापासून खरंच दुखतंय.

२० एप्रिल
मीटिंग. सरकारने असोसिएशनचं मत मागवलंय. परीक्षा वगळून नुसतं हळू चालवण्याचं घेता येईल का, मी विचारलं. नाही म्हणे, घ्यायचं तर अख्खं. गॉगल म्हणाला, विरोधात असतील त्यांनी हात वर करा. काही जण घुटमळत होते. पहिला हात माझा. वर भाषणही केलं: मी तीन पोरं बिनलायसन्सची वाढवली, बोटीचं काय घेऊन बसलात. टाळ्या पडल्या. मग सगळ्यांचे हात.
घरी येऊन भिंत पाहिली. फट होती तेवढीच आहे. चमचा उभा न राहता आत पडला, पण चमचे हल्ली पातळ येतात.

१२ मे
नियम बारगळला. बाई बोलत नाहीत. शिकलेल्या माणसांना हार पचत नाही.

१८ मे, दुपारी
असोसिएशनने विजयाची फेरी काढली. गॉगल म्हणाला, आजींच्या घरावरून नेऊ, त्यांना सलामी. तलावातल्या झाडून सगळ्या बोटी, आणि माझी सगळ्यांत पुढे. घरासमोर भोंगे वाजवले, इंजिनं पूर्ण सोडली. मी हात हलवत होते. काठावर मास्तरीणबाई उभ्या दिसल्या. आज ओरडत नव्हत्या.
भिंत गेली. स्वयंपाकघराचा कोपराही घेऊन गेली. ओट्यापाशी उभं राहिलं की थेट तलाव दिसतो. उजेड छान येतो.

२० मे
गॉगलला फोन केला. फार वाईट झालं म्हणाला, पण भिंती असोसिएशनच्या कक्षेत येत नाहीत, सरकारकडे जा.
सरकारी ऑफिसात गेले. कारकून तोच, त्याने मला ओळखलं नाही. म्हणाला, अहो, नियम येतच होता, त्या असोसिएशनने हाणून पाडला. आणि पहिला हात म्हणे तिथेच काठावर राहणाऱ्या एका बाईने वर केला. अशी कशी हो ही बाई?
मी म्हटलं, शिकलेली नसेल.

२३ मे
मुलाकडे आले. आठवा मजला. चार दिवसांचा प्रश्न आहे, भिंत झाली की परत. मुलाला तसं सांगितलं. तो हो म्हणाला आणि उठून पाणी प्यायला गेला.
सुनेने माझ्यासाठी कपाट मोकळं करून ठेवलंय. कप्प्यांत कागद अंथरलेत. त्यांच्या कडा पिवळ्या पडल्यात. आई, कपडे लावू का, तिने विचारलं. म्हटलं, राहू देत बॅगेतच.
संध्याकाळी तिने लावले. मी बघत बसले.