ठासणीच्या बंदुकीचा पहिला बार

आई, काल बंदुकीची नळी धुतली. अजून तुझ्याच पद्धतीने धुते. सिंकमध्ये उभी धरायची, वरून उकळतं पाणी आणि भांड्यांचा साबण, मग चिंधी गुंडाळलेला गज खालीवर. काळं पाणी वाहतं आणि घरभर कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. त्या वासाबरोबर तू येतेस. ज्यांच्या आया उदबत्तीच्या वासाबरोबर येतात त्यांचा मला हेवा वाटतो. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तुझ्या फोटोला हार घालताना मला काही म्हणजे काही होत नाही, पण हा घाणेरडा वास आला की मी मागे वळून बघते. वाटतं, आता तू काहीतरी बोलणार. आणि तू बोललीस की कुणाची तरी सालटी निघायची. बहुतेक वेळा माझीच.

तू इथे अमेरिकेतल्या डब्लिनला आलीस ती माझ्या घटस्फोटाच्या पाठोपाठ. लोकांच्या आया सांत्वनाला येतात, तू तपासणीला आलीस. विमानतळावर मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलंस आणि म्हणालीस, "हंयसर पण तुझो बार फुसकोच." मी ट्रॉली ढकलत राहिले. ऑफिसात मी दहा जणांची टीम सांभाळत होते, क्लायंटला खडसावत होते, आणि तुझ्या एका वाक्यासरशी पुन्हा नाक पुसणारी पोर झाले. मागच्या अंगणात तू मेथी पेरलीस, ती कोवळी असतानाच हरणांनी खाल्ली. त्यावर तुझा पहिला प्रश्न होता की ह्या गावात राखण कोण करतं. कुणीच करत नाही म्हटल्यावर तुझ्या मनातून अमेरिका उतरली ती उतरलीच.

ऑक्टोबरातली ती संध्याकाळ. आपण किराणा घेऊन परत येतोय, तू शेजारच्या सीटवर कोथिंबिरीची पिशवी मांडीवर धरून बसली आहेस, आणि झाडीतून एक हरिणी सरळ गाडीपुढे येते. मी ब्रेक दाबते, तरी धडकते. तिचे मागचे पाय मोडले होते. पुढच्या पायांवर उठायला बघायची आणि पुन्हा पडायची. मी पोलिसांना फोन केला आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडत बसले. तू मात्र खाली उतरलीस, तिच्यापासून चार पावलांवर हात मागे बांधून उभी राहिलीस. पोलीस आला, त्याने पिस्तूल काढलं, एक गोळी, संपलं. तू त्याच्याकडे पाहून मान डोलावलीस, कारागिराने कारागिराला द्यावी तशी दाद. गाडीत बसताना म्हणालीस, "रडतंस कित्याक? तुका तेवढांपण जमलां नसतां."

तुला वाटलं असेल मी ते नेहमीसारखं गिळलं. मला दुसरंच आठवत होतं. गावच्या शेताची राखण करायला आपल्याकडे ठासणीची बंदूक होती. लायसन्स आजोबांच्या नावावर, आजोबांना दिसायचं नाही, बाबा मुंबईला, म्हणून बार तू काढायचीस आणि गावाला ते ठाऊक असूनही कुणी ब्र काढायचं नाही. बंदुकीच्या दारूचा डबा ओल लागू नये म्हणून तांदळाच्या कणगीत पुरलेला असायचा. मी नऊ-दहा वर्षांची असेन. उजाडताना तू मला दारूचा डबा धरायला बरोबर नेलंस. भातात डुक्कर होतं. तू बार काढलास, तो पोटात लागला. ते उठेना, मरेना, नुसतं किंचाळायला लागलं. तू दुसऱ्या बारासाठी हात पुढे केलास आणि माझ्या हातून डबा चिखलात सांडला. तू मला मारलं नाहीस. मारलं असतंस तर मी केव्हाच विसरले असते. तू माझा दंड धरून मला बांधावर बसवलंस आणि म्हणालीस, "तुझ्यामुळे वरडता तो. आता आयक." ऊन डोक्यावर येईपर्यंत ते ओरडत होतं. मी कानांवर हात नेले की तू ते खाली घ्यायचीस. मधेच पदरातल्या पोह्यांचा घास मला भरवलास, कारण पोर उपाशी राहायला नको. शेजारच्या वाड्यातून कुणी कोयता घेऊन येईपर्यंत आपण दोघी तिथे बसून होतो. त्यानंतर कितीतरी वर्षं मी उशीखाली डोकं घालून झोपायची.

तर त्या संध्याकाळी गाडी गॅरेजमध्ये लावताना मी ठरवलं. एकदाच, एकाच बारात, जनावराला आवाजसुद्धा काढू न देता मारायचं आणि तुझ्यासमोर आणून टाकायचं. बाकी तुझ्याकडून काही नको होतं मला. माफी तर नाहीच, ती तुझ्या घरात पिकत नव्हती.

ऑफिसातला एक सहकारी दर वर्षी शिकारीला जायचा, त्याच्या वडिलांचं शेत होतं. तो म्हणाला, ख्रिसमसनंतर काही दिवस फक्त ठासणीच्या बंदुकांचे असतात, तेव्हा जंगलात गर्दी नसते, तेव्हा ये. त्याने परवान्याचा वर्गही लावून दिला आणि एका शनिवारी आपल्या दोघींना बंदुकांच्या दुकानात नेलं. जरीच्या काठाच्या साडीवर माझं जाड जॅकेट, पायांत पांढरे बूट, अशी तू त्या दुकानात शिरलीस आणि भिंतीवरची मेलेली डोकी पाहत मिशीवाल्या दुकानदारासमोर उभी राहिलीस. मी त्याला सांगितलं, पहिलीच बंदूक आहे, हरणासाठी हवी, आणि मी व्हिसावर आहे. तो म्हणाला, साध्या रायफलीला कागदपत्रांचं लचांड फार, पण तोंडातून भरायच्या बंदुकीला कायदा बंदूक समजतच नाही, पाहिजे तर आज घरी घेऊन जा. मी तुला ते मराठीत सांगितलं. तुझा चेहरा इतका फुलला. "सरकार जिका बंदूक म्हणना नाय, तीच तुका बरी."

त्याने आधी काढली ती काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची. घोडा आत झाकलेला, दारूच्या तयार गोळ्या, वर दुर्बीण. नवशिक्याला हीच बरी, पावसातही बार उडतो, हलकी आहे, असं तो समजावून सांगत होता. शिवाय माझे हात आखूड म्हणून त्याने त्याच जातीची मुलांसाठी बनवलेली लहान दस्त्याची आणली, आणि ती खरोखर माझ्या खांद्याला चपखल बसली. तू ती हातात घेतलीस, उलटसुलट केलीस आणि काउंटरवर ठेवलीस. "ही बंदूक नाय गो, ही पिचकारी." मग भिंतीवरच्या एका लाकडी बंदुकीकडे बोट केलंस. लांब नळी, बाजूला उघडा घोडा, त्याखाली तांब्याची इवलीशी टोपी बसवायची जागा, जिला तू केप म्हणायचीस. तू गज उचललास आणि नळीत सोडून दिलास. टण्ण. मान कलती करून तू ऐकत होतीस. नळी स्वच्छ असली की असा आवाज येतो, दुकानदाराने मला सांगितलं, आणि तुझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. तुला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण स्तुती कुठल्याही भाषेतली तुला कळायची. मी म्हटलं, "आई, जड आहे गं ही. त्याच्यावर स्कोप आहे, ते इझी पडेल मला." तू म्हणालीस, "हीच घे. चुकलंस तर बंदुकीक दोष देऊक गावचो नाय."

मी तीच घेतली. तू डिवचलंस म्हणून घेतली हे खरं आहे, पण डोळे उघडे ठेवून घेतली. प्लास्टिकवालीने मारलं असतं तर तू म्हणाली असतीस दुर्बिणीने मारलं. पैसे देऊन वळते तर तुझं नवीनच सुरू. "हंय निवडणूक आसा मां? मगे ही ठाण्यात जमा करूची लागतली काय?" घरोघरी लॉनवर पाट्या लागल्या होत्या अध्यक्षाच्या निवडणुकीच्या, त्या तू पाहिल्या होत्यास, आणि गावात मतदान जवळ आलं की आपली बंदूक तू गोणपाटात गुंडाळून एसटीने पोलीस ठाण्यात पोचवायचीस. मी ते भाषांतर करून सांगितलं. दुकानदार आणि माझा सहकारी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. तुझा चेहरा कसा पडला ते फक्त मी पाहिलं. भाषांतर करायची काही गरज नव्हती, आई. तुला नाही म्हणून सांगता आलं असतं. मला त्यांना हसताना बघायचं होतं, आणि तुलाही बघायला लावायचं होतं. गाडीत तू खिडकीकडे तोंड करून बसलीस आणि मला घरी पोचेपर्यंत गारेगार वाटत होतं.

नोव्हेंबरभर शनिवारी शेतावर सराव चालायचा. कागदी थाळी झाडाला ठोकायची आणि तू मागे उभी. दारू मापात घे, नळीत ओत, चिंधीत गोळी ठेव, गजाने ठास, टोपी बसव, चाप ओढ. धूर निवळला की थाळी कोरीच्या कोरी. "धूर बरो काढतंस," तू म्हणायचीस. एकदा माझ्या हातून माप सांडलं. तू खाली सांडलेल्या दारूकडे पाहिलंस, मग माझ्याकडे, आणि माप उचलून परत माझ्या हातात दिलंस. ते सगळ्यात वाईट होतं. पण संध्याकाळी स्वयंपाकघरात आपण दोघी मिळून नळी धुवायचो, तू उकळतं पाणी ओतायचीस आणि मी गज फिरवायची, आणि तेवढ्यापुरतं तुझं तोंड बंद असायचं. एकदा माझ्या मनगटावर पाणी उडालं तर तू माझा हात थंड पाण्याखाली धरलास, बराच वेळ. मी मुद्दाम दुसऱ्या दिवशी तुझ्याशी तुटक बोलले. सवय लागायला नको होती.

शिकारीच्या दिवशी बर्फ पडलेलं होतं आणि तुझे गुडघे सुजले होते, म्हणून तू घरीच राहिलीस. मी एका ओंडक्याआड बसले आहे. बोटं बधिर. बराच वेळ काहीच नाही, आणि मग एक हरिणी येते, थांबते, आडवी उभी राहते, जशी पाहिजे तशी. मी चाप ओढला, सगळीकडे पांढरा धूर झाला आणि मला काहीच दिसेना. मी ऐकत राहिले. आई, मी आयुष्यात इतकं कान देऊन काही ऐकलं नव्हतं. काही नाही. कुठे किंचाळणं नाही, धडपड नाही, फांदीसुद्धा मोडली नाही. धूर विरला तेव्हा ती होती तिथेच पडलेली होती. सहकारी धावत आला, त्याने माझ्या पाठीत थाप मारली, आणि मी बर्फात बसून हसायलाच लागले.

घरी येईपर्यंत वाटेत मी वाक्यं जुळवत होते. दार तू उघडलंस. माझ्या हातातली पिशवी बघायच्याही आधी म्हणालीस, "चुकलंस मां?" तोंडावर तीच खात्री, वाटच बघत असल्यासारखी. आणि मला एकदम कळलं की मी खरं सांगितलं तर तू खूश होशील. गावभर सांगशील. माझी मुलगी, माझी बंदूक, माझं शिकवणं. बांधावर बसवून मला जे ऐकवलंस त्याचंसुद्धा तू कौतुक करून घेशील, बघा कशी तयार केली पोर. एवढ्यासाठी मी ते तुला देणार नव्हते. मी म्हटलं, "हो, चुकला नेम. हे मांस त्याने दिलंय, त्याने मारलं." तू म्हणालीस, "माका म्हायत होतां," आणि पिशवी घेऊन ओट्याकडे गेलीस.

तू गावाहून आणलेला मसाला काढलास, खोबरं भाजलंस, वाटण केलंस. पहिला तुकडा तोंडात घालून सावकाश चावलास, डोळे मिटून, जशी तू दुकानात नळीचा आवाज ऐकत होतीस. तू नेहमी म्हणायचीस की भिऊन पळालेल्या, तडफडून मेलेल्या जनावराचं मांस कडू लागतं. मी ताटात मान घालून बसले होते. तू म्हणालीस, "एकाच बारात गेलां ह्यां जनावर. ज्यान मारल्यान तेचो हात बरो."

फेब्रुवारीत तू परत गेलीस आणि वर्षाच्या आत गेलीसच. मी तेराव्याला कशीबशी पोचले. बायका जमल्या होत्या, एकीने तोंडावर पदर धरून विचारलं, "अमेरिकेत आईने बंदूक घेऊन दिली आणि तुझा नेम चुकला म्हणे?" सगळ्या गावाला तू सांगून गेली होतीस. सगळ्या हसल्या, आणि मीही त्यांच्यात मिसळून हसले. तेव्हासुद्धा खरं सांगितलं नाही. जिंकले होते ना मी. तू चुकीची ठरून गेलीस आणि तुला ते कळलंही नाही, याच्याहून मोठी शिक्षा मला सुचत नव्हती.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. नळी पुसून तेल लावून ठेवली आहे. एकच गोष्ट राहिली. त्या दिवशी जेवताना तू एकाच बाराचं ते वाक्य बोललीस तशी मी हात धुवायला उठले, नळ जोरात सोडला आणि तुला म्हटलं, "काय म्हणालीस? ऐकू नाही आलं." तू चिडून, मोठ्याने, तेच्या तेच पुन्हा म्हणालीस. तू पहिल्यांदा म्हणालीस तेव्हाच मला ऐकू आलं होतं, आई.