काळ्याची पिल्लं

२४ ऑगस्ट, रविवार
आकांक्षा कोचिंगसाठी संभाजीनगरला गेली. हॉस्टेलमध्ये फिशटँक चालत नाही, म्हणून माशांचा चार्ज माझ्याकडे. चार लाल गोल्डफिश आणि एक काळा, फुगीर डोळ्यांचा. त्याचं नाव काळ्या. त्याच्यावर तिचा फार जीव. मासे आईकडे सोपवते म्हणत होती. मी म्हटलं, परतुरात माझं कृषी सेवा केंद्र, अर्धा तालुका माझ्या सल्ल्यावर फवारणी करतो, मला पाच मासे जड आहेत का? सूचना देऊन गेली : खाणं चिमूटभर, नळाचं पाणी एक दिवस शिळं करून घालायचं, एका वेळी थोडंच बदलायचं. मी मान हलवली. जाताना म्हणाली, दिवाळीत काळ्या मला ओळखेल ना. ठरवलं, पोरीने बापाचं नाव काढावं असं काम करायचं.

२७ ऑगस्ट
गणपती बसले. दारात आलेल्याला उपाशी पाठवत नाही, मग घरच्यांना कसं ठेवणार? काळ्या तोंड उघडून मागतोच. थोडा मोदक कुस्करून घातला. पाहुण्यांनीही हौसेने घातला. बायको नंदा म्हणाली, "अहो, ते मागून न्हाई राह्यले, श्वास घेऊन राह्यलेत." नंदाला माशांतलं काही कळत नाही.

५ सप्टेंबर
पाणी आमटीसारखं. आकांक्षाचा व्हिडिओ कॉल. लाइट नाही म्हणून सांगितलं.

७ सप्टेंबर
बऱ्याच दिवसांनी नळ आला. टँक पूर्ण उपसला, ताजं पाणी भरलं. शिळं पाणी आपण पाहुण्यालाही देत नाही. जरा गढूळ होतं. गावी आष्टीला वडील रांजणात तुरटी फिरवायचे, त्याच पाण्यावर आम्ही भावंडं वाढलो. वडील दोन वेढे देत. मी अर्धा खडा विरघळवला. डोस फुल असला की रिझल्ट येतो, हे मी गिऱ्हाइकाला रोज सांगतो. पाणी आरशासारखं झालं. हे पोरीला दाखवायला हवं.

८ सप्टेंबर
दोन लाल उलटे. व्हरायटीच कमजोर. दुकानदाराने फसवलं.

९ सप्टेंबर
उरलेले लालही गेले. पाणी मात्र बिलकुल नितळ.

१० सप्टेंबर
काळ्या गेला. लिंबाच्या झाडाखाली पुरला. दुकानात रडू आलं, पण समोर गिऱ्हाईक होतं. आकांक्षाला सांगितलं, काळ्या दगडामागे बसतो हल्ली, लाजतो. तिची टेस्ट आहे, उगाच टेन्शन कशाला. ही म्हणते, टँक रिकामा करा. एवढं नितळ पाणी फेकवत नाही. पंप बंद केला. तेवढीच बचत.

२२ सप्टेंबर
चमत्कार. टँकमध्ये बारीक बारीक जीव. वळवळतात, वर येऊन श्वास घेतात. काळ्या अंडी घालून गेला! म्हणजे काळ्या मादी होती. लगेच आकांक्षाला फोन केला. काळ्या गेल्याचं आज कळवणं भाग होतं, पण धीर झाला नाही. फक्त पिल्लं सांगितली. तिने फोटो मागितला. घाईत काढला, धूसर आला. तरी हॉस्टेलभर दाखवला म्हणे.

२ ऑक्टोबर, दसरा
सोनं द्यायला आलेल्या सगळ्यांना पिल्लं दाखवली. मधूनच कमी होतात, मग पुन्हा वाढतात. निसर्ग आहे. ही म्हणाली, "मला हे काही बरं दिसून न्हाई राह्यलं." हिचा स्वभावच संशयी.

९ ऑक्टोबर
घरात डास फार. रात्री झोप नाही. दोष लोकांचा, जिथे तिथे पाणी साचवून ठेवतात. शेजारच्या उषाबाईंना कुंड्यांखालच्या ताटल्या ओतायला सांगितलं. स्वच्छतेवर थोडं बोललो. त्यांनी निमूट ओतल्या. आपला शब्द मानतात लोक.

१८ ऑक्टोबर
आकांक्षा आली. बॅग खांद्यावर तशीच, आधी टँकपाशी. बराच वेळ वाकून पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "पप्पा, ही डासांची हायेत." मी हसलो. ती हसली नाही. काळ्या कधी गेला, विचारलं. सांगितलं. लाजून दगडामागे बसतो म्हणाला होतात तुम्ही, एवढंच बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एकटीने टँक अंगणात नेला, उपडा केला, उन्हात ठेवला. मला हात लावू दिला नाही.

२६ ऑक्टोबर
आज ती परत गेली. दिवाळीत मैत्रिणीने दिलेलं मोगऱ्याचं रोप निघताना उषाबाईंकडे ठेवायला घेऊन गेली. मी म्हटलं, अगं, मी आहे ना घरी. ती म्हणाली, "म्हणूनच." उषाबाईंनी माझ्याकडे न बघता रोप घेतलं. मला काही सल्ला सुचला नाही.