ह्यांच्या कॉम्प्युटरला दसऱ्यापर्यंत मुदत

१० सप्टेंबर २००६, रविवार
माधवी ओझरहून आली. जेवण झाल्यावर ह्यांच्या कॉम्प्युटरवरचं फडकं उचलून म्हणाली, "आई, हा भंगारात देऊ. दसऱ्याला नवा घेते."
म्हटलं, चालतोय की.
"चालतो कुठे? रांगतो."
खरं आहे. बटण दाबून चहा ठेवावा, चहा पिऊन व्हावा, तेव्हा पडदा उजळतो. पण माझ्या पुस्तकांची यादी ह्यांनी ह्याच्यावर केली. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून ड्यूटी करून आले की रोज पाच-सहा नावं इंग्रजी अक्षरांत बडवायचे. ४१२ पर्यंत आले होते. ४१२ चं नाव अर्धंच आहे.
"यादी सीडीवर घेऊ ना." यादी घेता येईल, पण ते जिथे बसायचे ती…
ठरलं. दसऱ्यापर्यंत धड चालला तर राहील. नाहीतर भंगार.

१४ सप्टें., गुरु.
देवरेभाऊजींना बोलावलं. ह्यांच्याच खात्यातून रिटायर झालेले, मूळचे सटाण्याचे. झाकण उघडून फुंकर मारली, झुरळ निघालं. "मशीन भारी शे, वहिनी. मेमरी तेवढी कमी. हलकं लिनक्स टाकू, मशीन चालवणारा दुसरा प्रोग्रॅम. यादी ह्याच्यात राहील, वायर वर नलूताईंच्या कॉम्प्युटरला. त्याला सर्व्हर म्हणायचं."
नलूताई माझी पुस्तकं वाचायला नेणाऱ्या पहिल्या गिऱ्हाईक. पुस्तक हवं की वरच्या गॅलरीतून ओरडतात, अख्ख्या बिल्डिंगला कळतं.

१७ सप्टें., रवि.
भाऊजींनी तीन सीडी आणल्या, तीन तऱ्हेची लिनक्स. नावं लक्षात राहीनात, मीच ठेवली: जाडी, मधली, बारकी.
जाडी लावली. चित्रं, खिडक्या, नटणं-मुरडणं. अर्धा तास झाला तरी बाई तयार होईना. मधली उघडली आणि गोठली. बारकीला वेळ उरला नाही.

१९ सप्टें.
ह्यांची तिथी. दुसरं वर्ष. खीर, वडे, गवारीची भाजी. कावळा पान ठेवल्या ठेवल्या शिवला. माधवी म्हणे, "बाबांना कसली एवढी घाई?" म्हटलं, यादी अर्धी राहिली आहे ना.
हसलो दोघी. नंतर भांडी मी एकटीनेच घासली.

२३ सप्टें., घटस्थापना
बारकी! चहाला उकळी फुटायच्या आत तयार. सीडीवरून थेट मेमरीत चढते. भाऊजींनी बजावलं, "लिहिलेलं डिस्कवर टाकत जा, वहिनी, बारकीच्या पोटात ठेवू नका." हो हो म्हटलं. लक्ष नलूताईंकडे होतं. वरून ओरडत होत्या, "दिसली! यादी दिसली!"
नवरात्रात लाईट जाणार नाही म्हणतात. देवापुढे नंदादीप, इकडे हा. दोन्ही नऊ दिवस विझवायचे नाहीत.

२८ सप्टें.
४१३ पासून पुढे मी. एका बोटाने. आज ४५० झाली.

१ ऑक्टो., खंडेनवमी
सकाळी विळी, सुरी, शिवणयंत्र, ह्यांचा पाना पाटावर मांडला. आज हत्यारांना विश्रांती. म्हणून कॉम्प्युटरही बंद केला, झेंडू वाहिला, हळद-कुंकू लावलं.
दुपारी चालू केला. यादी ४१२ वर. आठ दिवसांचं माझं सगळं बारकीच्या पोटात होतं, तिच्याबरोबर गेलं.
भाऊजी आले. रागावले नाहीत. "आपल्या प्लँटात खंडेनवमीला टर्बाइन बंद केलं का कधी? चालत्याला कुंकू लावायचो." खरंच की. हे दर वर्षी हेच सांगायचे आणि मीच…
आता असं लिनक्स हवं जे डिस्कवरच राहील. भाऊजींनी ह्यांच्या फाइली सीडीवर काढल्या आणि जाडीचीच सीडी परत घातली. म्हणाले, "चित्रं-खिडक्या काहीच घ्यायचं नाही. नुसती काळी पाटी, पांढरी अक्षरं. जाडीच, पण दागिने उतरवलेली." बोलले आणि जीभ चावली.
मीच हसले. म्हटलं, अहो, अशा बायकाच जास्त काम करतात.

२ ऑक्टो., दसरा
नलूताई पुस्तकं हातात घेऊन नावं वाचत होत्या, मी बडवत होते. ४३८ झाली. ४१२ तशीच ठेवली, अर्धी.
माधवी सोनं द्यायला आली. काळा पडदा पाहून म्हणाली, "हे काय, बंद पडला?" नलूताईंनी वर जाऊन आपल्या पडद्यावरून अख्खी यादी मोठ्याने वाचायला घेतली. विसाव्या नावाला माधवीने हात जोडले. पण पोरगी बापाची आहे. "उद्यापासून लोडशेडिंग. लाईट जाऊन आल्यावर कोणी हात न लावता आपोआप उठला, यादीसकट, तर राहू दे."

३ ऑक्टो., मंगळ.
दहाला लाईट गेली. एकला येणार. साडेबाराला माधवीचा फोन, "हात लावायचा नाही हं." नाही लावला. लांब, दाराशी बसून हे लिहिते आहे. परवाचा झेंडू अजून त्याच्यावरच आहे.
आली. पंखा फिरला. हिरवा दिवा लागला. आत डिस्क कुरकुरते आहे, हे सकाळी उठताना कुरकुरायचे तशी. पडद्यावर अक्षरं धावताहेत, मला वाचता येत नाहीत.
वर नलूताईंच्या खुर्चीचा आवाज झाला. यादी बघायला बसल्या वाटतं. अजून ओरडल्या नाहीत.