मृदुला नावाची नवीन बाई

२ जून १९९६, नेरूळ
वरणात मीठ कमी आहे एवढंच म्हटलं. सासूबाई लगेच, "मृदुले, बाईनं स्वभाव माहेरी ठेवून यायचा असतो." म्हटलं, तिकडे जागा नव्हती, बरोबरच आणलाय. हेमंत पेपरात तोंड खुपसून. दीड वर्षात बायकोच्या बाजूने एक वाक्य नाही!

८ जून
कॉलेजच्या मानसशास्त्राच्या बाईंची प्रश्नावली पोस्टाने माहेरी आली, ती आईने इकडे पाठवली. टी.वाय.ला भरली होती तीच. राग येतो का, नमतं घेता का, हल्ली मन कसं असतं. माणसाचा स्वभाव आणि मूड किती टिकतो ते मोजतायत. सासूबाई खूश. "भर भर, किती सुधारलीस ते कळेल." समोर ठाण मांडून! 'नमतं घेता का'ला 'कधीच नाही'. त्यांना दिसेल अशी खूण केली. मी माहेरचं नाव, शुभांगी, लिहीत होते, त्यांनी सौ. मृदुला लिहायला लावलं. फोन नंबर शेजारच्या गोखल्यांचा दिला.

१९ जून
बेलापूरच्या ऑफिसात नोकरी लागली!! १ तारखेला हजर. सर्टिफिकेटं सगळी शुभांगीची. सासूबाई म्हणतात आधी गॅझेटात नाव बदल, मग जा. हेमंत : "मृदुला, ऐक ना आईचं. कशाला टेन्शन?" तांदळात अंगठीने नाव काढलं तेव्हा मला विचारलं होतं कुणी?

२८ जून
गोखल्यांकडे कॉलेजच्या बाईंचा फोन. "मृदुला कोण? माझ्या यादीत नाही."
"मीच, बाई. शुभांगी."
"अगं देवा! मी शुभांगीला पाहणीतून गळलेली धरली आणि तुला कुणी नवीन बाई. निम्म्या मुलींचं हेच झालंय." मग त्यांनी टी.वाय.चा आणि आताचा, दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले. स्वभाव जसाच्या तसा. "पण मूड फार उतरलाय गं. काय झालं?"
गोखलेवहिनी तिथेच. म्हटलं, काही नाही.
घरी येऊन न्हाणीत रडले. संतापाने. गळलेली म्हणे!

३० जून
सांगून टाकलं. उद्या जाणार, शुभांगी म्हणूनच सही करणार.
सासूबाई : "मग आमची मृदुला कुठे गेली?"
"ती नव्हतीच कधी."
त्या जेवल्या नाहीत. मी जेवले, पोटभर.
हेमंत दुपारभर गॅलरीत. मघाशी दारात येऊन, "अगं..." नुसतंच अगं. मी ओ दिली नाही. नाव घेऊन हाक मार म्हणावं. अजून तिथेच उभा आहे.