पळी, मीठ आणि "होय अण्णा"

मी, श्रीपती अडिग, वय ७६, धंदा लग्नामुंजींचा आणि देवळातला स्वयंपाक, राहणार कुंदापूर, आज पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझा उजवा हात बधिर आहे, डोकं नाही. शंका असेल त्याने समोर येऊन विचारावं.

१. घर, विहीर आणि मागची नारळाची बाग पत्नी सरस्वती हिला. तिला कोणी "बेंगळुरूला चल" म्हणून छळू नये.

२. हंडे, झारे मुलगा सुधींद्र याला देत नाही. त्याला माझ्या नावाचं हॉटेल काढायचंय आणि स्वतःला साधा भात लावता येत नाही. त्याला माझं घड्याळ द्यावं. निदान वेळेवर यायला शिकेल.

३. आता पितळी पळी. आमच्या बावीस आचाऱ्यांत ज्याच्या हाती पळी त्याच्या शब्दावर चुली चालतात. ही पळी आणि टोळीचं पुढारपण, चौतीस वर्षं माझ्या हाताखाली असलेल्या माधव ऐताळ याला देत आहे. देताना कपाळावर हात मारून घेत आहे, तेही नमूद करतो.

कारण हा मनुष्य कधी 'नाही' म्हणतच नाही. नैवेद्य दाखवेपर्यंत आम्ही चव घेत नाही. मीठ हाताच्या अंदाजाने पडतं. सहा वर्षांपूर्वी माझा हात बधिर झाला, तरी मी मीठ घालत होतो आणि लोक वाखाणत होते. गेल्या वैशाखात ऐताळ तापाने घरी राहिला आणि लग्नाच्या आठशे पानांवर अळणी सार वाढलं गेलं. नवऱ्या मुलीच्या बापाने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच उठून ऐताळच्या घरी गेलो.

"मीठ तू घालत होतास?"

"होय अण्णा."

"आणि माझं मीठ?"

"ते बरोबरच असायचं अण्णा. तुमच्या मुठीतून किती पडलं ते बघायचो, कमी पडेल तेवढं मागून घालायचो."

"सहा वर्षं! मला सांगायला तोंडात मूग धरले होतेस काय?"

"होय अण्णा."

काय करावं या माणसाचं!

४. पण मृत्युपत्रात खोटं लिहू नये. चौतीस वर्षांपूर्वी राघवेंद्र होळ्ळ नावाचा तरुण आचारी सगळ्यांसमोर म्हणाला, "अण्णा, आज मीठ कमी आहे." चव न घेता, नुसता माझा हात बघून. मी त्याला याच पळीने मारलं आणि हाकलून दिलं. सार खरंच अळणी होतं. ऐताळचा तो कामावरचा पहिला दिवस. गप्प राहायला तो माझ्याकडूनच शिकला.

५. हे कलम नंतर घातलं आहे. वकिलांनी वरचं सगळं वाचून दाखवलं. मी ऐताळला विचारलं, "मान्य?" आणि सवयीने पुढचं पान उलटलंसुद्धा.

"नाही अण्णा."

"काय म्हणालास?"

"पळी होळ्ळची आहे. तो शिमोग्याला परक्याच्या हॉटेलात राबतोय. त्याला बोलवा. आणि तुम्ही स्वतः जा, मी नाही जाणार."

अरे, चौतीस वर्षांनी तोंड उघडलंस, ते माझ्या मृत्युपत्रात चूक काढायला! मी चिडलो, पाणी मागितलं. डोळे भरून आले. ते लिहू नका असं वकील म्हणाले, तरी लिहितो.

सबब कलम ३ रद्द. पळी आणि पुढारपण राघवेंद्र होळ्ळ याला. त्यासाठी मी मरायची वाट बघायची नाही. उद्या सकाळच्या बसने मी पळी घेऊन शिमोग्याला जातो आहे. त्याने त्याच पळीने मला मारलं तर माझी तक्रार नाही. ऐताळला आता काहीच मिळत नाही, तेव्हा तो साक्षीदार म्हणून चालेल, असं वकील म्हणतात.

कुंदापूर, १२ फेब्रुवारी २०२५
श्रीपती अडिग (सही डाव्या हाताची)

साक्षीदार:
१. डॉ. गोपीनाथ शेणॉय. मला तपासून सही केली.
२. माधव ऐताळ. सही कर म्हटलं तर म्हणाला, "आधी वाचू दे." वाचून केली.