मागच्या दारानं ये

प्रिय आणि तितक्याच हट्टी चारुता,

पडेगावहून तुझ्या घरी यायला रिक्षाला जेमतेम अर्धा तास लागतो, तरी मी पत्र लिहितेय. समोर बसले की तू चहा पाजतेस, माझी चेष्टा करतेस आणि नाटकाचा विषय निघाला की टीव्हीचा आवाज वाढवतेस. चार वर्षं हेच चाललंय. तेव्हा हे पत्र आधी शेवटपर्यंत वाच आणि मग काय तो गोंधळ घाल.

मी परवा मुंबईहून आले. घरी सांगितलं होतं की दुकानासाठी रेडियम कापायचं नवं मशीन बघायला चाललेय. आईला ते पटलं नव्हतंच. ‘मशीन बघायला इतकी चांगली साडी कशाला लागती गं?’ म्हणाली. मशीन मी बघितलं, दहा मिनिटं. उरलेले चार दिवस नाट्यगृहं बघत फिरले. सहा झाली. पर्समध्ये दुकानातला मोजायचा टेप होता. फाटकापासून खुर्चीपर्यंत किती पायऱ्या, दरवाजा किती इंच, रांगेच्या टोकाला जागा किती, सगळं वहीत लिहून आणलंय. एका ठिकाणी वॉचमननं विचारलं, मॅडम, महापालिकेतून आलात का? मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्यानं लगेच पंखा लावून दिला.

एका संध्याकाळी समुद्राजवळच्या मोठ्या सभागृहात गाणं ऐकलं. तंबोरे जुळत होते तेव्हा एवढ्या माणसांत कोणी खोकलंसुद्धा नाही. आपल्याकडे तेवढ्यात दोघांनी फोन घेतला असता आणि तिसऱ्यानं ‘मैफिलीत बसलोय’ हे ओरडून सांगितलं असतं. फार सुंदर गायल्या त्या बाई, आणि शेजारी तू नाहीस म्हणून मला राग येत राहिला. माझ्या पुढच्या रांगेच्या टोकाला एक बाई व्हीलचेअरवर बसल्या होत्या. मांडीवर पर्स, डोळे मिटलेले, बोटांनी ठेका चाललेला. त्यांच्याकडे कोणी वळून बघत नव्हतं. तू मला म्हणाली होतीस, नाट्यगृहाच्या पायऱ्यांवरून चार जण मला उचलून नेणार आणि सगळं गाव बघणार, त्यापेक्षा मी नाटक बघणंच सोडलं.

कॉलेजातली पहिली तालीम आठवते? माझा आवाज तिसऱ्या रांगेच्या पुढं जात नव्हता, म्हणून नाटक बसवणाऱ्या इंद्रजीतनं मला पडद्यामागं बसवलं आणि तुला पुढं उभं केलं. मला वाईट वाटू नये म्हणून तू म्हणालीस, विशाखा, तू मागं असलीस की मला अंधारात भीती वाटत नाही. पुढं मी औरंगपुऱ्यात गाड्यांच्या नंबरप्लेटचं दुकान टाकलं, तेव्हा सगळ्यांत जास्त खूश तूच. आता नाटकाला रेडियम फुकट, म्हणालीस. खरंच होतं ते. आपल्या प्रत्येक नाटकात टेबलाचा कोपरा, पायरीची कड, तुझी उभं राहायची जागा, सगळीकडे माझ्या दुकानातल्या पट्ट्या. स्टेजवरचे दिवे गेले की त्या हिरव्या चमकायच्या आणि तू त्यांवरून बिनधास्त चालायचीस.

तर, मुंबईत शेवटच्या रात्री एक नाटक बघितलं. पडदा उघडला तेव्हा सत्तरीच्या एक बाई खुर्चीत बसलेल्या होत्या आणि दोन्ही अंक त्या तिथंच बसून होत्या. नुसत्या मान वळवायच्या आणि समोरचा नट गार पडायचा. शेवटी सगळे नट रांगेत उभे राहिले, त्यांनी बसूनच हात जोडले. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की त्या उठल्याच नाहीत. मी रडले, आणि रडता रडता कोणतं नाटक करायचं ते ठरवलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीला वेळ होता म्हणून त्याच नाट्यगृहाच्या मागं गेले. नेपथ्याचा टेम्पो लागला होता. सोफा, दिवाण, लाकडी कपाट, सगळं एका उतारावरून सरळ स्टेजवर जात होतं. एकही पायरी नाही. परत आल्याबरोबर मी टेम्पोवाल्या कडुबाला गाठलं. आपलं सामान वीस वर्षं तोच आपल्या नाट्यगृहात नेतोय, त्याला विचारलं, मागच्या दारातून व्हीलचेअर जाईल का? तो माझ्याकडे बघतच राहिला. ‘ताई, अख्खा सोफा जातो की तिथून. मंग चारुताताई का नाय जाणार? आजवर इचारलं कुनी?’ कोणीच विचारलं नव्हतं. मी दरवाजा मोजला. तुझ्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा उरते.

आता जे सांगायला चार वर्षं जीभ रेटली नाही, ते. स्पर्धेच्या त्या प्रयोगात दुसऱ्या अंकाआधी दिवे गेले आणि तू चार फुटी चौथऱ्यावरून खाली पडलीस. माझाच पाय चुकला, असं तू डॉक्टरांना सांगितलंस, इंद्रजीतला सांगितलंस, मलाही सांगत आलीस. तुझा पाय चुकला नव्हता. चौथऱ्याच्या कडेला पट्टीच नव्हती, चारू. त्या दुपारी दुकानात गर्दी होती, पट्ट्या कापून मी काउंटरवर ठेवल्या आणि धावत आले. घंटा झाल्यावर आठवलं. वाटलं, हिला स्टेज पाठ आहे, जाईल निभावून. पट्ट्या दुसऱ्या दिवशी काउंटरवरच सापडल्या, आणि तू दवाखान्यात माझाच हात धरून रडत होतीस. मी तेव्हा बोलले नाही. नंतर रोज उशीर होत गेला.

माफ कर असं मी म्हणणार नाही, ते तुझं तू ठरव. ही भूमिका मात्र तुझी आहे. मुंबईतल्या त्या नाटकातली खुर्चीतली आई, दोन अंक. इंद्रजीतला मी हे सगळं काल सांगितलं. तो म्हणाला, वाचन रविवारी ठेवू. मी मागं असलेली तुला चालणार नसेल, तर पट्ट्या दुसरं कोणी लावील आणि मी तिकीट काढून शेवटच्या रांगेत बसेन. पण पहिल्या दिवसाच्या मीच लावल्यात. तालमीच्या हॉलमध्ये दारापासून मधोमधच्या जागेपर्यंत दोन ओळी, तुझ्या चाकांइतक्या अंतरावर. दिवे घालवून तीनदा बघून आले. रविवारी दहा वाजता कडुबा टेम्पो घेऊन येईल आणि फळी लावून तुझ्या दारात उभा राहील. मला शिव्या द्यायच्या असतील तर तिथं येऊन दे, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातील अशा.

तू म्हणशील तिथं उभी राहणारी, तुझीच,
विशाखा