वंश कुणाचा वाढवायचा

२ मार्च

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद. इकडे साथ ओसरली, पण खुराडी ओस पडली. मूठभर पक्षी वाचले. तुझे आतोबा म्हणतात, पुरे झाला हा उद्योग. मी म्हटलं, कोंबड्या गेल्यात, मी अजून आहे!

वाचलेल्यांचं रक्त गुरांच्या डॉक्टरांबरोबर तुझ्या प्रयोगशाळेत पाठवलंय. माझी ठुमकी साथीत एकदा शिंकलीसुद्धा नाही. हातावर येऊन दाणे खाते गं. तिच्याच अंड्यांवर नवा कळप उभा करणार. फौजदार कोंबडाही वाचला, मेला! आतोबांच्या पोटऱ्या टोचून फोडल्यात. डॉक्टरांनी पक्षी विकायला मोकळीक दिली की आधी तो खाटकाकडे जाणार.

लोभ आहेच, उत्तर मात्र लवकर टाक.
तुझी आत्या

१४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. मन घट्ट करून वाच. ठुमकीच्या रक्तात विषाणूची खूणच नाही. तू तिला अंड्यांवर स्वयंपाकघरात बसवलं होतंस, म्हणून ती वाचली. पुन्हा साथ आली तर तिचा आणि तिच्या पिल्लांचा भरवसा नाही.

फौजदार मात्र आजारातून उठलाय. विषाणू शिरल्याची पेशीला वर्दी देणारं एक जनुक असतं. त्याचं निराळं रूप त्याला आई-बाप दोघांकडून मिळालंय, म्हणजे प्रत्येक पिल्लात ते उतरणारच. डॉक्टरांनी साथीत मेलेल्या पक्ष्यांचे नमुनेही पाठवले होते, त्यांत ते कुठेच सापडलं नाही. एकट्यावरून छातीठोक सांगता येत नाही, पण भिस्त त्याच्यावरच ठेवावी लागेल. बाकीच्या कोंबड्याही आजारातून उठल्यात, त्या त्याच्या जोडीला ठेव. आतोबांना म्हणावं, जाड पायमोजे घाला.

माझ्यावर चिडलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी बबडी

२० मार्च

चि. बबडीस,
आशीर्वाद. तुझं पत्र आलं तेव्हा फौजदार खाटकाच्या पिंजऱ्यात होता. पदर खोचून धावत सुटले. खाटीक हटून बसला. गिऱ्हाईकाला शब्द दिलाय, कोंबडा हवा तर आत्ता दुसरा पक्षी आणा, म्हणाला.

बाकीच्या तर तूच ठेवायला सांगितल्यास. उरली ठुमकी. हाक मारली तशी नेहमीसारखी हातावर आली गं. आतोबा म्हणाले, मी नेतो. मी म्हटलं, माझी आहे, मीच नेणार. येताना वाटभर रडले, आणि त्या मेल्यानं तेवढ्यात माझा अंगठा फोडला.

आता तो कोंबड्यांत सोडलाय. पिल्लं निघाली की त्यांचं रक्त पाठवते, डोळ्यांत तेल घालून तपास. कळप मी उभा करणारच. फक्त यातल्या एकाही पिल्लाला नाव देणार नाही.

तुझ्यावरचा लोभ आहे तसाच आहे, आज जरा दुखतोय इतकंच.
तुझी आत्या